पोर्ट उघडायच्या आधी वॅन आयपी बघा

माझ्या घरच्या राउटरवर बाहेरच्या जगासाठी एकच पोर्ट, म्हणजे आत यायचं क्रमांक दिलेलं दार, उघडं आहे: यूडीपी ५१८२० (यूडीपी आणि टीसीपी या इंटरनेटवरून माहिती पाठवायच्या दोन पद्धती). ते उघडण्यात जो वेळ गेला, त्यातला फार थोडा राउटरच्या सेटिंगमध्ये गेला. बाकी सगळा गेला तो ब्रॉडबँडवाल्यांशी फोनवर बोलण्यात. असं पोर्ट उघडण्याचे, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंगचे, व्हिडिओ ढिगाने सापडतात आणि त्यातले बहुतेक 'राउटरचं पान उघडा' इथून सुरू होतात. आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनवर तिथून सुरुवात केली तर अख्खा दिवस वाया जातो, कारण अडचण राउटरच्या पलीकडे, कंपनीकडे असते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी मला हे कशाला हवं होतं ते सांगते. मी फाउंड्रीच्या पॅटर्नची ड्रॉइंग करते. पॅटर्न म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना, आणि त्या साच्यात धातू ओतून होतं ते कास्टिंग. कोल्हापुरात राजारामपुरीत राहत्या घरातच पुढच्या खोलीत काम चालतं. गिऱ्हाइकाकडून कास्टिंगचं ड्रॉइंग येतं, त्यावरून पॅटर्न आणि कोअर बॉक्सचं (कास्टिंगच्या आतली पोकळी ज्याने येते तो वाळूचा गाभा करायच्या साच्याचं) मॉडेल मी करते, पॅटर्न उद्यमनगरात तयार होतो आणि ओतकाम शिरोली एमआयडीसीत. तिथल्या एका फाउंड्रीत माझा थोरला भाऊ मोल्डिंग बघतो. बिडाचं कास्टिंग थंड होताना आटतं, त्यामुळे पॅटर्न मीटरमागे साधारण १० मिलिमीटर मोठा धरावा लागतो. शिवाय मशीनिंगसाठी मटेरियल सोडायचं, साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून ड्राफ्ट, म्हणजे बाजूंना थोडा उतार, द्यायचा. गिऱ्हाइकाने एखाद्या बॉसची (भागावरच्या उंचवट्याची) उंची ३ मिलिमीटरने बदलली की ही सगळी गणितं पुन्हा मांडायची आणि 'रिव्हिजन सी'ची 'रिव्हिजन डी' करायची.

आणि मग ती फाइल व्हॉट्सअॅपवरून फिरते. पॅटर्नवाल्याकडे सी, फाउंड्रीत डी, मशीन शॉपमध्ये कुणी तरी बी फॉरवर्ड केलेली. दादाचा फोन यायचा, "तायडे, त्या पंपाच्या केसिंगचं शेवटचं कुठलं गं? माझ्याकडं दोन दिसाय लागल्यात." जुन्या ड्रॉइंगवरून एक हीट (भट्टीतला एक घाणा) ओतली गेली तर ती पुन्हा भट्टीतच जाते, धातू परत मिळतो, पण वीज, वाळू, माणसांची पाळी यातलं काही परत येत नाही. फाइल एकाच जागी असावी आणि ज्याला हवी त्याने तिथे येऊन बघावी, हाच त्यावर उपाय.

"ड्राइव्हवर टाका की," असं सगळे म्हणतात, आणि ज्यांचं त्यात भागतं त्यांनी खुशाल टाकावं. माझ्याकडची ड्रॉइंग माझ्या मालकीची नसतात. ती गिऱ्हाइकाची असतात, आणि ती दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर ठेवणार नाही असा शब्द मी दिलेला असतो. घरात एक जुना डेस्कटॉप होता. त्यात लिनक्स टाकलं, दोन हार्ड डिस्क बसवल्या, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच लिहिलं जाईल अशी सोय केली. घरातल्या घरात सगळं झकास चालू झालं. आता शिरोलीतून तिथपर्यंत पोचायचं होतं.

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकड्यांचा पत्ता (आयपी पत्ता) देतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता फक्त घरापुरता असतो. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ चे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवायचे, हे १९९६ सालीच ठरलं आहे. त्यामुळे माझ्या घरी, शेजारी आणि शिरोलीच्या ऑफिसातही तेच पत्ते सुखाने नांदतात. बाहेर जाताना राउटर सगळ्यांच्या पॅकेटवर (माहितीच्या छोट्या पुडक्यांवर) आपला एकच सार्वजनिक पत्ता लावतो आणि कुणाचं काय कुठे गेलं याची नोंद ठेवतो. उत्तर आलं की नोंद बघून ज्याचं त्याला देतो. वाड्याच्या देवडीवर बसलेल्या माणसासारखंच हे. आतून गेलेल्या निरोपाचं उत्तर घेऊन कुणी आला तर तो त्याला आत सोडतो. ओळख ना पाळख असा कुणी आला तर दारातूनच परत. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या देवडीवर दिलेली कायमची सूचना: ५१८२० क्रमांक सांगत कुणी आलं तर त्याला थेट त्या जुन्या डेस्कटॉपकडे पाठव.

पण ही सूचना उपयोगी पडायला तो सार्वजनिक पत्ता मुळात तुमच्या राउटरवर असायला हवा. तो आहे का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. राउटरच्या पानावर 'स्टेटस' मध्ये 'वॅन' (राउटरची बाहेरची, कंपनीकडची बाजू) लिहिलेलं असतं, तिथला आयपी पत्ता कागदावर उतरवून घ्या. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' हे सांगणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही पत्ते एकच असतील तर तुम्ही मोकळे. माझ्याकडे साइटवर एक पत्ता होता आणि राउटरवर १०० ने सुरू होणारा दुसराच.

या १०० चा अर्थ कळला आणि पुढचा सगळा उलगडा झाला. आयपीव्ही४ चा, म्हणजे या नेहमीच्या पद्धतीचा, पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळ्या जगात मिळून पत्ते साधारण ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपला, आणि आशिया-पॅसिफिक विभागात त्याच वर्षीच्या एप्रिलपासून नवे पत्ते मोजूनमापून मिळू लागले. आपल्याकडे घरोघरी ब्रॉडबँड पोचलं ते बहुतेक त्यानंतर. मग कंपन्या एकेका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात, बोलताना सीजीनॅट. त्यासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ साली वेगळा काढून दिला गेला. माझा वॅन पत्ता त्याच पट्ट्यातला होता. म्हणजे माझ्या देवडीच्या पुढे कंपनीची आणखी एक देवडी आहे, आणि तिथल्या माणसाला मी काही सूचना देऊ शकत नाही. माझ्या राउटरवर कितीही नियम लिहिले तरी बाहेरून आलेलं पॅकेट माझ्यापर्यंत येणारच नव्हतं.

तुमच्या वॅनवर १९२.१६८ दिसत असेल तर मात्र आशा आहे. पुष्कळ घरांत कंपनीचा फायबरचा डबा आणि त्याच्यामागे आपण घेतलेला वायफाय राउटर, असे दोन राउटर एकामागे एक असतात. त्या वेळी दुसरी देवडीही आपल्याच घरात आहे. पहिल्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देईल, नाहीतर दोन्हीकडे नियम लिहा. त्यानंतर पहिल्या डब्याचा वॅन पत्ता पुन्हा तपासा.

कंपनीला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने नेट चालू आहे का विचारलं, स्पीड मोजायला लावला, राउटर बंद करून चालू करायला सांगितला. तिच्यासमोरच्या कागदावर माझा प्रश्नच नव्हता, तिला दोष देण्यात अर्थ नाही. नंतरच्या एकाने 'असं काही आमच्याकडे नसतंच' म्हणून फोन ठेवला, त्याचा मात्र मला राग आला, कारण ते खरं नव्हतं. शेवटी तक्रार नोंदवून लाइनचं काम करणाऱ्या मुलाला घरी बोलावलं. त्याने डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी कागद दाखवला तसा म्हणाला, "ताई, तुम्ही सीजीनॅटमध्ये हाय. फोनवर सीजीनॅट म्हणू नका, कुणाला कळत न्हाई. स्टॅटिक आयपी पाहिजे म्हणा. कॅमेरेवाले सगळे तेच घेत्यात." त्याने तिथूनच ऑफिसला फोन लावून दिला. स्टॅटिक आयपी म्हणजे आपल्याच नावचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता. वर्षाचे वेगळे पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी वॅन पत्ता आणि साइटवरचा पत्ता एक झाले.

माझं याबाबत ठाम मत आहे. कनेक्शन विकताना स्पीड सांगतात, कुठले चॅनल फुकट ते सांगतात, पण या लाइनवर बाहेरून आत येता येणार नाही हे सांगत नाहीत. ज्याला फक्त बघायचं-ऐकायचं आहे त्याला फरक पडत नाही. पण ज्याला स्वतःच्या घरातून काही चालवायचं आहे, त्याच्यासाठी ही अर्धी लाइन आहे, आणि ते पैसे घेण्याआधी सांगायला हवं. नवीन कनेक्शन घेणाऱ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: सार्वजनिक आयपी मिळेल का, आणि कितीला?

ज्यांना तो मिळतच नाही त्यांच्यासाठी टेलस्केलसारख्या सेवा आहेत. त्यात दोन्ही टोकं आतून बाहेर जोडली जातात, त्यामुळे पोर्ट उघडायची गरज पडत नाही. उत्तम चालतात. मला मधे कुणी नको होतं, एवढंच. दुसरा मार्ग आयपीव्ही६ चा, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा. त्यात पत्ता १२८ बिटांचा असल्याने टंचाईच नाही, प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता मिळतो आणि फॉरवर्डिंगऐवजी राउटरच्या फायरवॉलमध्ये (कुणाला आत सोडायचं हे ठरवणाऱ्या पहाऱ्यात) नुसती परवानगी द्यायची. माझ्या मोबाइलला आयपीव्ही६ मिळतं, घरच्या लाइनला अजून नाही.

आता राउटर. डब्याखाली चिकटवलेल्या स्टिकरवरचं नाव-पासवर्ड टाकलं की पान उघडतं. पहिल्यांदा तो पासवर्ड बदला. पुष्कळ डब्यांवर गिऱ्हाइकाच्या लॉगिनमध्ये फॉरवर्डिंगचा मेनू दिसतच नाही, तो कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. तोही मागून घ्यावा लागतो. मेनूचं नाव प्रत्येक डब्यावर वेगळं: कुठे 'पोर्ट फॉरवर्डिंग', कुठे 'व्हर्च्युअल सर्व्हर', कुठे 'पोर्ट मॅपिंग', आणि ते 'नॅट', 'अॅप्लिकेशन' किंवा 'अॅडव्हान्स्ड' यातल्या कशाखाली तरी दडलेलं. काम सगळीकडे एकच.

नियम लिहिण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. डेस्कटॉपचा पत्ता पक्का केला: राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (पत्ते राखून ठेवायच्या यादीत) त्याच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहिला, म्हणजे वीज गेली-आली तरी राउटर त्याला तोच पत्ता देणार. नाहीतर एखाद्या दिवशी तुमचा नियम सर्व्हरऐवजी टीव्हीकडे बोट दाखवत बसतो. दुसरं म्हणजे घरच्या नेटवर्कचा पट्टाच १९२.१६८.१ वरून १९२.१६८.५७ असा बदलला. शिरोलीच्या ऑफिसातही १९२.१६८.१ च होता. दोन्हीकडे तेच पत्ते असले की दादाचा लॅपटॉप घरचा सर्व्हर ऑफिसातच शोधत बसणार. ५७ या आकड्यात विशेष काही नाही, सहसा कुणी घेत नाही असा घेतला.

मग नियम: बाहेरचं पोर्ट ५१८२०, आतलं पोर्ट ५१८२०, प्रोटोकॉल यूडीपी, आतला पत्ता डेस्कटॉपचा. सेव्ह. एवढंच.

हे ५१८२० म्हणजे वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनचं पोर्ट. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधून काढलेला आपला खाजगी, कुलूपबंद बोगदा. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे. फाइल शेअरिंगचं ४४५ किंवा रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ थेट का उघडलं नाही, हा प्रश्न दादानेही विचारला. ४४५ बद्दल सांगायला मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पुरेसा आहे. तो त्याच वाटेने एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरत गेला. त्याआधी २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने इंटरनेटला लावलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर कारखान्यातून आलेल्या पासवर्डवर नुसते लॉगिन करून ताब्यात घेतले होते, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर साइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट बराच वेळ उघडत नव्हत्या. ज्यांच्या घरचे ते कॅमेरे, त्यांना याचा पत्ताही नसेल.

पण दादाला हे सांगून पटलं नसतं, त्याला डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणून एका सोमवारी, त्याला सुट्टी होती तेव्हा, मी मुद्दाम एक रिकामं जुनं मशीन घरच्या नेटवर्कपासून वेगळं लावलं, पासवर्डने लॉगिन बंद ठेवलं आणि त्याच्यासाठी एसएसएचचं (दुरून मशीनमध्ये लॉगिन करायच्या सोयीचं) २२ नंबरचं पोर्ट उघडलं. लॉग, म्हणजे कोण यायला बघतंय याची नोंद, स्क्रीनवर चालू ठेवला. चहा संपायच्या आत ओळी यायला लागल्या. कुणीतरी 'रूट' म्हणून यायला बघतंय, मग 'अॅडमिन', 'टेस्ट', 'उबंटू', 'पोस्टग्रेस', 'ओरॅकल', परत 'रूट'. पत्ते निरनिराळ्या देशांतले. हे कुणी माणूस बसून करत नाही. सगळ्या इंटरनेटवरची दारं वाजवत फिरणारे प्रोग्रॅम आहेत, त्यांना कोल्हापूर आणि कॅलिफोर्निया सारखंच. दादा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बंद कर ते. तुझंच बरोबर हाय."

वायरगार्डचा मला आवडणारा गुण इथेच आहे. ज्याच्याकडे योग्य किल्ली (लांबलचक गुप्त कोड) नाही त्याला ते उत्तरच देत नाही. नकारसुद्धा देत नाही. दार वाजवणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. त्यामुळे 'पोर्ट उघडं आहे का' हे तपासणाऱ्या साइटवर विसंबू नका. त्यातल्या बहुतेक टीसीपी तपासतात आणि यूडीपी तपासणाऱ्यांनाही इथे शांतताच मिळते. खरी तपासणी म्हणजे फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून जोडायचं आणि सर्व्हरवर 'लेटेस्ट हँडशेक' (दोन्ही टोकांची शेवटची ओळखपाळख) समोर वेळ दिसते का ते बघायचं. वायफाय बंद करणं महत्त्वाचं, कारण घरातूनच स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावर जाऊ दिलं तर पुष्कळ राउटर गोंधळतात, आणि चालू असलेली गोष्ट बंद आहे असं वाटतं.

माझा हँडशेक पहिल्या झटक्यात झाला. तरी शिरोलीतून दादाचा फोन आलाच, "फोल्डर दिसतंय, पण ड्रॉइंग उघडंना. नुसतं फिराय लागलंय." ही गंमत नीट समजून घेण्यासारखी आहे. व्हीपीएनचं प्रत्येक पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून जातं, त्यामुळे ते फुगतं. घरच्या लाइनवर मावणारं पॅकेट मोबाइल नेटवर्कवर कधी कधी मावत नाही. फोल्डरची यादी छोटी, ती जाते. मोठी फाइल भरगच्च पॅकेटांची, ती वाटेत अडकते. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची जास्तीत जास्त लांबी, १४२० बाइट असतो. दादाच्या फोनवर मी तो १२८० केला, आणि केसिंगचं ड्रॉइंग उघडलं. कुठलंही नेटवर्क एवढं पॅकेट बिनतक्रार नेतं असं धरायला हरकत नाही. हँडशेक होतो, पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का हे बघणारी छोटी हाक) जातो, पण मोठं काही उघडत नाही, असं झालं की पहिला संशय एमटीयूवर घ्यावा.

बाकीचं भराभर सांगते. प्रत्येक फोनला, लॅपटॉपला वेगळी किल्ली दिली आहे. फोन हरवला तर सर्व्हरवरून तेवढी नोंद पुसायची, बाकी कुणाला त्रास नाही. फाउंड्रीच्या फोनवरून फक्त घरच्या सर्व्हरकडे जाणारं ट्रॅफिक बोगद्यातून जातं, त्यांचे व्हिडिओ माझ्या लाइनवरून जात नाहीत. फोल्डर त्यांना फक्त वाचता येतं, लिहिण्याचा हक्क माझ्याच मशीनला. राउटरमधलं यूपीएनपी बंद केलं आहे, कारण ते चालू असलं की घरातला टीव्ही, कॅमेरा कुणालाही न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेऊ शकतो. आणि जुन्या रिव्हिजन मी पुसत नाही, 'रद्द' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवते, जे फाउंड्रीला दिसत नाही. आता दादाला केसिंगचं एकच ड्रॉइंग दिसतं.

एक काळजी राहतेच. कंपनीचा डबा कंपनी दूरवरून अपडेट करू शकते, आणि अशा अपडेटनंतर किंवा डबा बदलला की तुमचे नियम गेलेले असू शकतात. म्हणून डब्याशेजारी भिंतीवर मी एक कागद लावला आहे: स्टॅटिक आयपी, डेस्कटॉपचा घरातला पत्ता, यूडीपी ५१८२०, यूपीएनपी बंद, आणि त्या लाइनवाल्या मुलाचा नंबर. डबा आणि डेस्कटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत. किल्ल्या त्या कागदावर लिहिलेल्या नाहीत. त्या पेन ड्राइव्हवर आहेत आणि पेन ड्राइव्ह कपाटात आहे. मी गावाला असले आणि नियम पुसला गेला, तर तो कागद वाचून घरातलं कुणीही नियम परत लिहू शकेल, एवढी व्यवस्था सध्या पुरेशी आहे.